गरज सरो, वैद्य मरो?
(युद्धकाळातील मजूरटंचाई आणि बदललेल्या कामाच्या वाटण्या)



मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळाने मला गाठलं तेव्हा मी आधी सरळ हात वर केले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी म्हणजे दहावीपर्यंत धास्तीने केलेला एक पेपर! ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मला फक्त एकच गोष्ट शंभर टक्के माहीत आहे, ती म्हणजे माझ्या गावाच्या, दिघोरीच्या नावातला 'दि' पहिला आणि 'री' दुसरी. तेव्हा चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

लेखाचा विषय जरा जड वाटेल, पण त्याची सुरुवात आपल्या मेसमध्येच झाली. आठवा गेल्या वर्षीचा जुलै महिना. चार दिवस पाऊस चांगला लागला आणि एका सकाळी मेसच्या पोळ्या करणाऱ्या मावशी आल्याच नाहीत. रोवणा सुरू झाला होता. धानाच्या बांधीत दिवसाची मजुरी मेसपेक्षा जास्त मिळत होती, मग त्या कशाला येतील? तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भात खाल्ल्यावर चौथ्या दिवशी बॉईज होस्टेलच्या काही वीरांनी बाह्या सरसावल्या आणि कणीक मळली. पोळ्या गोल नव्हत्या, त्यात भारताचा नकाशा होता, श्रीलंका होती, पण पोटात गेल्या! 'पोळ्या लाटणं हे बायकांचं काम' हे वाक्य त्या आठवड्यात कोणाच्याही तोंडून निघालं नाही. मग रोवणा संपला, मावशी परत आल्या, आणि वीर मेसमधून असे गायब झाले की आजपर्यंत त्यांनी लाटण्याला हात लावलेला नाही.

हा प्रसंग मी विसरूनही गेले असते. पण गेल्या दिवाळीत माझ्यासोबत असंच काहीतरी उलट्या बाजूने घडलं आणि मग प्रश्न पडला. माणसं कमी पडली की 'हे काम तुमचं नाही' असं सांगणारे लोक एकदम गप्प का होतात? आणि माणसं परत आली की तेच वाक्य परत कुठून येतं? याचा सगळ्यात मोठा प्रयोग जगात झाला तो युद्धाच्या काळात. तो आपल्या विदर्भातही झाला. त्याबद्दल जे वाचलं आणि समजलं ते सांगते.

टंचाई म्हणजे नेमकं काय?

युद्ध सुरू झालं की सरकारला एकाच वेळी दोन गोष्टी लागतात. सैन्यात माणसं लागतात, आणि त्या माणसांना बंदुका, कपडे, कोळसा, धान्य पुरवायला मागेही माणसं लागतात. १९३९ साली हिंदी सैन्यात साधारण दोन लाख माणसं होती. १९४५ पर्यंत तो आकडा पंचवीस लाखांच्या घरात गेला. म्हणजे मागणी दोन्हीकडून वाढली.

अशा वेळी मालकापुढे तीन रस्ते असतात. एक, मजुरी वाढवायची. दोन, यंत्रं आणायची. तीन, आजवर ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांना आत घ्यायचं. मजुरी वाढवणं खिशाला लागतं. यंत्रं युद्धात मिळत नाहीत. मग तिसरा रस्ता आठवतो.

मेकॅनिकलवाल्यांना हे एका शब्दात कळेल: स्टँडबाय पंप! मुख्य पंप ट्रिप झाला की स्टँडबाय सुरू करतात. मुख्य पंप दुरुस्त झाला की स्टँडबाय बंद. मधल्या काळात स्टँडबायने कदाचित जास्त चांगलं डिस्चार्ज दिलं असेल, पण ते कोणी मोजत नाही. कारण तो 'स्टँडबाय' आहे. फरक इतकाच की पंपाला पोट नसतं आणि घरी वाट पाहणारी मुलं नसतात.

कोळशाच्या खाणीतल्या बाया

आता आपल्या भागातलं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात आपला भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. याच प्रांतात चांदा (आजचं चंद्रपूर) आणि पेंच खोऱ्यातल्या कोळसा खाणी होत्या.

पूर्वी कोळशाच्या खाणीत नवरा-बायको जोडीने खाली उतरत. नवरा कोळसा फोडायचा आणि बायको तो टोपलीत भरून वाहून न्यायची. मजुरी जोडीची. खाली अंधार, दमट हवा, छत कोसळण्याची भीती. म्हणून १९२९ साली सरकारने नियम केला की भूमिगत कामातल्या स्त्रियांची संख्या दरवर्षी कमी करत न्यायची. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावू नये असा करार केला. आपल्याकडे १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. उद्देश चांगलाच होता. पण ज्या घरात दोघांची कमाई होती तिथे एकाची राहिली, आणि त्या बाईला तिच्या जागी दुसरं काम मिळावं याची सोय मात्र झाली नाही.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचलं आणि पूर्व भारतात विमानतळ, रस्ते, लष्करी छावण्यांची कामं धडाक्याने सुरू झाली. तिथे उघड्या हवेत जास्त मजुरी मिळते म्हटल्यावर खाणीतले मजूर तिकडे गेले. शेतीलाही भाव आला होता, काही तिकडे परतले. कोळसा कमी निघू लागला. आणि कोळसा नाही म्हणजे रेल्वे नाही, पोलाद नाही, दारूगोळा नाही. सरकारला घाम फुटला. १९४३ साली मध्य प्रांत, बंगाल, बिहार आणि ओरिसाच्या कोळसा खाणींमध्ये स्त्रियांवरची बंदी उठवण्यात आली. जे काम सहा वर्षांपूर्वी स्त्रीसाठी 'अयोग्य' होतं ते एका हुकुमाने योग्य ठरलं!

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते मजूरमंत्री होते. आपण त्यांना संविधानासाठी ओळखतो, पण त्यांची ही चार वर्षं आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी जरूर वाचावीत असं मला वाटतं.

बंदी उठवल्यावर मोठा विरोध झाला. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला. इंग्लंडमध्येही प्रश्न विचारले गेले. विरोधकांचा मुद्दा सोपा आणि खरा होता: खाणमालकांनी मजुरी वाढवली तर पुरुष मजूर परत येतील, मग बायांना खाली का पाठवता? फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी ही आणीबाणीची आणि तात्पुरती सवलत आहे असं सांगितलं, आणि एक गोष्ट ठासून मांडली. खाली उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व या देशात उद्योगामध्ये प्रथमच येत आहे, असा त्यांचा दावा होता.

ते नुसतं सभागृहात बोलून थांबले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरून काम पाहिलं. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतल्या स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता, त्यात १९४३ आणि १९४५ मध्ये दुरुस्त्या झाल्या.

आणि शेवट? युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. स्टँडबाय पंप बंद!

इथे मला प्रामाणिकपणे एक कबुली द्यायची आहे. आधी मला वाटलं होतं की बंदी उठली म्हणजे स्त्रियांची प्रगती झाली, आणि बंदी आली म्हणजे अन्याय झाला. पण तसं सरळ गणित नाही. त्या खाणीत उतरणं ही काही चैन नव्हती. ज्या बाया उतरल्या त्या पोटासाठी उतरल्या. महिला परिषदेचं म्हणणंही चूक नव्हतं. खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. बंदी घालताना, उठवताना आणि परत घालताना, तीनही वेळा त्या बायांना कोणी विचारलं नाही.

ही बंदी पुढे १९५२ च्या खाण कायद्यातही राहिली. त्यामुळे झालं काय, की मजुरी करणाऱ्या बाईचं रक्षण करण्यासाठी केलेला नियम पुढे शिकलेल्या मुलीच्या आड आला. जिला खाली उतरायची परवानगी नाही ती खाण अभियंता कशी होणार? आपल्या नागपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाणकाम अभियांत्रिकी शिकण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. १९९९ मध्ये त्या पदवी घेऊन देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता झाल्या. पुढे २०१९ मध्ये सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत जाण्याची मोकळीक दिली. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडच्या चुरी खाणीत रुजू झाल्या, कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून. १९४६ ते २०१९ म्हणजे ७३ वर्षं! यात मात्र कुठली टंचाई कामी आली नाही, मुली शिकल्या आणि भांडल्या म्हणून हे झालं.

पलटणीचं दार

दुसरं उदाहरण सैन्याचं. ते तर अगदी ऑन-ऑफ स्विचसारखं आहे.

महार समाजातले सैनिक ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबईच्या फौजेत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते. पण १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती' नावाचं एक खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. सैन्यातली नोकरी म्हणजे पगार, शाळा, पेन्शन आणि गावकीच्या कामातून सुटका. ते दारच बंद झालं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला की आम्हाला परत घ्या. दार उघडलं नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. म्हणजे जी जात १९१० मध्ये 'लढाऊ' नव्हती ती सात वर्षांत लढाऊ झाली की काय? युद्ध संपलं, १९२१ मध्ये पलटण मोडली. पुन्हा ऑफ.

दुसरं महायुद्ध आलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीला. पुन्हा ऑन. पण या वेळी युद्ध संपल्यावर स्विच ऑफ झाला नाही. १९४६ मध्ये तिचं मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं आणि ती आजही भारतीय सैन्यात आहे.

आता प्रश्न असा की तिसऱ्यांदा असं काय वेगळं झालं? टंचाई तर दोन्ही युद्धांत होती. माझ्या मते फरक हा, की १९१७ मध्ये दार उघडणारे आणि लावणारे दोघेही साहेबच होते. १९४१-४२ मध्ये मात्र आत बसून बोलणारा माणूस होता. बाबासाहेब १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते, मग मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या होत्या, शिष्यवृत्त्या होत्या आणि तांत्रिक शिक्षणही होतं. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. युद्धाची गरज होती तेव्हाच हे कागदावर आलं. गरज संपली तरी कागद राहिला.

तांत्रिक शिक्षणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. युद्धासाठी फिटर, टर्नर, वेल्डर कमी पडत होते म्हणून १९४० मध्ये मजूर खात्याने तंत्रज्ञ तयार करण्याची योजना काढली. देशभरातल्या तांत्रिक संस्थांमध्ये वर्ग भरू लागले. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रं निघाली. पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आज गावोगावी दिसणाऱ्या आयटीआय उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्या वर्कशॉपमधले सर ज्या आयटीआयमधून शिकून आले त्या व्यवस्थेची मुळंही त्या टंचाईतच आहेत.

सैन्यातल्या स्त्रियांचं काय? १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) निघालं. टायपिंग, टेलिफोन, वायरलेस, हिशेब ही कामं मुलींना दिली म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर पाठवता येतात, असा सरळ हिशेब. त्यात अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चन मुली खूप होत्या. इंग्रजी येणाऱ्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या. (कॉन्व्हेंटवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) त्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास गेली होती. युद्ध संपलं आणि ते दल मोडलं. वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांमध्ये स्त्री अधिकारी यायला १९९२ उजाडावं लागलं. आणि कायमस्वरूपी कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला फेब्रुवारी २०२० मध्ये.

टंचाईच नसली तर?

कोणी म्हणेल, युद्ध म्हटलं की सगळीकडेच दारं उघडतात. तसं नाही. मुंबईच्या कापड गिरण्या बघा. युद्धात कापडाला प्रचंड मागणी होती, गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या. पण कोकणातून आणि देशावरून कामासाठी येणाऱ्यांची रांग कधी संपलीच नाही. गेटवर 'बदली' कामगार उभेच असायचे. शिवाय रात्रपाळीला स्त्रियांना बंदी. त्यामुळे १९२० च्या दशकात गिरण्यांमधल्या कामगारांत साधारण एक पंचमांश असलेल्या स्त्रियांचं प्रमाण पुढे वाढण्याऐवजी घटतच गेलं.

तिथे जातीचंही एक दार होतं. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तोंड लावावं लागतं आणि त्याने विटाळ होतो, असं कारण. विणकामात पगार जास्त, म्हणून हे दार महत्त्वाचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. म्हणजे बघा, दार लावून ठेवणारे फक्त मालक नसतात. कधी कधी शेजारच्या मशिनवरचा आपलाच सोबती आतून कडी लावून बसलेला असतो.

सातासमुद्रापलीकडे

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात लाखो स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. टीएनटी भरून भरून त्यांची कातडी पिवळी पडायची. कुशल कारागिराचं काम छोट्या तुकड्यांत वाटून नवख्या बायांना द्यायची पद्धत तिथे निघाली. आणि मग 'तुम्ही पूर्ण काम कुठे करता, तुकडाच करता' म्हणून पगार कमी! १९१९ मध्ये तिथल्या संसदेने युद्धापूर्वीच्या पद्धती परत आणण्याचा कायदाच केला. त्याच वर्षी २३ जूनला काही स्त्रियांनी महिला अभियंत्यांची संस्था काढली, कारण कारखान्यातून बाहेर काढलं जाणार हे त्यांना दिसत होतं. आज २३ जून हा आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन म्हणून पाळतात. आपल्या कॉलेजातही पाळायला हरकत नाही.

अमेरिकेत कृष्णवर्णीय कामगारांना युद्धसामग्रीच्या कारखान्यांत घेत नव्हते. त्यांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली. मग जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वंशभेद करू नये असा हुकूम काढला. इथेही नुसत्या टंचाईने दार उघडलं नाही, टंचाईच्या वेळी कोणीतरी दार ठोठावलं म्हणून उघडलं.

आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक. एनियाक या सुरुवातीच्या संगणकाचं प्रोग्रामिंग सहा तरुणींनी केलं. पुरुष गणितज्ञ कमी पडत होते म्हणून तोफगोळ्यांचे मार्ग हाताने मोजायला त्यांना घेतलं होतं. १९४६ मध्ये मशीन जगाला दाखवलं तेव्हा त्यांचं श्रेय कोणी दिलं नाही. ते मिळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आजीचा गुंड

आता घरचं सांगते. दिवाळीनंतर मंडईला मी दिघोरीला गेले होते. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून आल्यावर सकाळी आजीजवळ चुलीपाशी बसले. हा विषय डोक्यात होताच. विचारलं, "आजी, युद्धाचं काही आठवते का तुमच्या घरचं?"

आजीचं माहेर तुमसरकडचं. तिचा जन्म युद्धानंतरचा, पण आईकडून ऐकलेलं तिला पाठ आहे. तिचे वडील तेव्हा कामठीला पलटणीत भरती झाले. घरी दोन लहान पोरं. मग तिची आई मॅगनीजच्या खदानीवर टोपली वाहायला जाऊ लागली. खाली नाही, वरच्या वरच. मॅगनीज पोलादाला लागतं हे आपण मटेरियल सायन्सला शिकतो. तिला त्याच्याशी काय करायचं होतं? तिला फक्त आठवड्याची मजुरी माहीत. त्या पैशातून तिने भंडाऱ्याचा एक पितळी गुंड घेतला. तो आजीने लग्नात दिघोरीला आणला. अजून आमच्या घरी आहे, तळाला एकदा झाळ लावलेली आहे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग का? बाबा आले वापस. सगळ्यायनं म्हटलं, घरचा मानूस आला, आता कायले जातेस खदानीवर? बसली घरी. कोनी विचारलंच नाही तिले."

"तिला जायचं होतं का पण?"

आजी थोडा वेळ चुलीतलं लाकूड सारत बसली. मग म्हणाली, "ते गुंड घासताना नेहमी सांगे मले, हे माह्या पैशाचं आहे म्हनून. बाकीचं घर तुह्या बाबाचं."

यावर मी काही बोलले नाही.

व्हर्नियर आणि प्रमाणपत्र

आता ती दिवाळीची गोष्ट. आम्ही तिघी मुली आणि सहा मुलं एका कारखान्यात महिनाभराच्या ट्रेनिंगला होतो. (नाव सांगत नाही.) पहिल्याच दिवशी मुलांना मशीन शॉपमध्ये पाठवलं आणि आम्हाला स्टोअरमध्ये रजिस्टर लिहायला बसवलं. "मॅडम, तिकडे ऑइल असते, आवाज असतो, तुम्ही इथेच बऱ्या," असं अगदी प्रेमाने सांगितलं. आम्ही पण गप्प बसलो. ही आमची चूक.

मग दिवाळी आली, पाठोपाठ छठ. कंत्राटावरचे बरेच कामगार गावी गेले. इन्स्पेक्शनला माणूस नाही आणि माल तर पाठवायचा. तेव्हा तेच साहेब धावत आले, "मॅडम, व्हर्नियर पकडता येतो ना? मायक्रोमीटर?" येतो म्हटलं. बारा दिवस आम्ही तिघींनी लाइनवर उभं राहून जॉब तपासले. पहिल्या दोन दिवसांत माझ्या हातून दोन चुकीचे जॉब पास झाले हेही कबूल करते. नंतर हात बसला. ऑइल होतं, आवाज होता, आम्ही मेलो नाही! कामगार परत आले त्या सकाळी आम्हाला पुन्हा स्टोअर. शेवटी जे प्रमाणपत्र मिळालं त्यावर लिहिलं आहे: 'स्टोअरमधील नोंदींचे काम'. बारा दिवसांचा एक शब्द नाही. कारण त्या बारा दिवसांचा कुठे कागदच झाला नव्हता. उद्या मुलाखतीत मी काय दाखवू?

धडा काय?

आजीचं ऐकलं, खाणींचं वाचलं, आणि हे प्रमाणपत्र समोर ठेवलं, तेव्हा मला तीन गोष्टी समजल्या.

पहिली, टंचाईमुळे लोकांचं मन बदलत नाही, फक्त तोंड बंद होतं. १९४३ मध्ये कोणाला बायांबद्दल नवीन आदर वाटला नव्हता, कोळसा हवा होता. त्यामुळे टंचाई गेली की जुनं वाक्य परत येतं.

दुसरी, टंचाईच्या काळात मात्र एक खोटं उघडं पडतं. 'यांना जमत नाही' हे खोटं. एकदा काम करून दाखवलं की ते 'जमत नाही' उरत नाही, 'द्यायचं नाही' एवढंच उरतं. हा फरक खूप मोठा आहे.

तिसरी आणि सगळ्यात कामाची. टंचाई दार उघडते, पण ते उघडं ठेवायला कागद लागतो. समान वेतनाचा नियम, प्रसूतीचा कायदा, ८.३३ टक्क्यांचा आदेश, ही सगळी कामं गरज चालू असतानाच केली गेली. गरज सरल्यावर मागायला गेलं असतं तर वैद्य मेलाच असता! १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून बाबासाहेब पोटनिवडणुकीत हरले. माणूस हरतो, पण त्याने वेळेवर लिहून ठेवलेला कागद जिंकत राहतो.

म्हणून मैत्रिणींनो, ट्रेनिंगला गेलात तर पहिल्या दिवशीच विचारा, आम्हाला शॉप कधी? आणि जे काम कराल त्याची रोजच्या रोज डायरी लिहून संबंधितांची सही घ्या. मित्रांनो, तुम्हाला शॉपमध्ये पाठवताना आम्ही स्टोअरकडे जात होतो तेव्हा तुम्हीही गप्प होतात, पुढच्या वेळी एक शब्द बोला. कडी आतून काढायला सोपी असते. आणि सर-मॅडम, आपल्या कॉलेजकडून कंपनीला जे पत्र जातं त्यात 'सर्व विद्यार्थ्यांना सर्व विभागांत काम द्यावे' एवढी एक ओळ टाकता आली तर फार बरं होईल. एकच ओळ, पण लेखी!

राहता राहिली मेस. येत्या जुलैत पुन्हा रोवणा येईल, मावशी पुन्हा जातील आणि गेलंच पाहिजे, त्यांना चार पैसे जास्त मिळतात. पण वीरांनी या वेळी मावशी परत आल्यावरही आठवड्यातून एक दिवस लाटणं हातात ठेवावं अशी माझी सूचना आहे. श्रीलंका चालेल!

असो. लेख लांबला. 

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुक्काम दिघोरी)